चुकीच्या चाकामागे

“दादा, मी दुकान सोडतेय.”

बोलले एकदाची! आठवडाभर घशात अडकलेलं वाक्य समोरच्या पिवळ्या पाठीवर फेकलं, आणि मग मी थांबलेच नाही. मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात लहान मुलांचे चष्मे करायचं काम मिळालंय... उद्या उत्तर द्यायचंय... आणि हो, दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासून माझी बोटं सोलवटतात, अन् काउंटरवर गोड गोड बोलून शाबासकी तू घेतोस!

पाठ गप्प. आमचा दादा इतका वेळ कधी गप्प बसत नाही.

“अरे, बोल की काहीतरी! दगड आहेस का?”

पाठ वळली... आणि तिला दाढी होती. माझ्या दादाला दाढी नाही.

“बोललो असतो,” तो माणूस म्हणाला, “पण तुम्ही श्वास घ्यायला थांबाल तर ना!”

मी करकचून ब्रेक दाबला. आता आपण रस्त्याकडेच्या झुडपात जाणार याची खात्री होती, पण कशीबशी एक पाय टेकवून उभी राहिले. यात माझी काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगते. सगळा प्रताप दादाचा. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपतात. आमचा भाऊराया मला भल्या सकाळी उठवून सायकलवर बसवतो, प्रत्येक चढाला ‘हा शेवटचा’ म्हणतो आणि त्यानंतर आणखी एक चढ काढतो. समोरून वारा सुटला की त्याचा हुकूम ठरलेला : “माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहा. वारा मी खातो. मान वर करायची नाही, फक्त चाक बघायचं.” मी आज्ञाधारक बहीण! नळावर पाणी प्यायला थांबलो, तिथे पाच-सहा सायकलवाले होते, निघताना दादासारखाच पिवळा टी-शर्ट दिसला, लागले मागे. सेलमधले ते पिवळे टी-शर्ट निम्म्या गावाने घेतलेत हे मला काय माहीत?

“तुम्ही फाट्यावर आत वळलात तेव्हाच सांगायचं ना!” मी त्याच्यावरच उखडले.

“तेव्हा तुम्ही ‘मध्ये बोलू नकोस’ म्हणालात.”

हद्द झाली! “आणि तुम्ही ऐकलंत?”

“सवय आहे. जनावरांचा डॉक्टर आहे मी. घाबरलेल्या प्राण्याचं होऊ द्यायचं आधी...” तो जरा चाचरला. “म्हणजे तुम्हाला प्राणी म्हणत नाहीये.”

“म्हणालात की!”

तो हसला. कोपरापासून मनगटापर्यंत मांजराचे ओरखडे, नाकावर वाकडा चष्मा, आणि हसला की तो चष्मा आणखीच वाकडा. माझा राग उतरत होता, याचाच मला राग आला.

फोन अर्थातच माझ्याकडे नव्हता. ‘वजन कमी’ म्हणून दादाने तो स्वतःच्या खिशात घातलेला. डॉक्टरने आपला पुढे केला, पण दादाचा नंबर पाठ कुणाला असतो? पाठ होता फक्त दुकानाचा. सुदैवाने दुकान बंद असलं की तिथले फोन दादाच्या मोबाइलवर जातात. डॉक्टरनेच तो लावला.

“नमस्कार,” दादाचा धापा टाकणारा आवाज आला, “आज दुकान बंद आहे. चष्मा तुटला असेल तर उद्या—”

“चष्मा नाही हो, तुमची बहीण इकडे आहे,” डॉक्टर म्हणाला.

पलीकडे एकदम आरडाओरडा. मी फोन ओढून घेतला.

“कार्टे! अगं, तू मागे नाहीयेस?”

“मागे असते तर फोन केला असता का?”

“म्हणजे... इतका वेळ मी कुणाशी बोलत होतो?”

मी कपाळावर हात मारला. माझ्यासारखाच तोही पुढे तोंड करून बडबडत चालला होता! “काय बोलत होतास?”

“काही नाही. कुठे आहेस तू?... फाट्याच्या आत? तिथेच थांब, येतो.” फोन बंद.

डॉक्टर निघून जाईल असं वाटलं होतं. तो झाडाला सायकल टेकवून बसला आणि खिशातून संत्रं काढलं. अर्धं मला दिलं. वारा पडला होता, पानं शांत होती.

“आता सगळं पुन्हा सांगावं लागणार,” मी म्हणाले. “ते पण तोंडावर.”

“मला सांगितलंत तसंच सांगा. छान सांगितलंत.”

“तुमच्या पाठीला सांगितलं. ते सोपं होतं.”

“का, तोंड इतकं वाईट आहे?”

मी तोंडाकडे पाहिलं. वाईट अजिबात नव्हतं, पण तो चष्मा! आता राहवेना. “काढा तो. इकडे द्या. डावी काडी केवढी वर गेलीय! असा चष्मा लावून फिरणाऱ्यांना दंड करायला हवा.”

काडी वाकवली, नाकावरच्या पट्ट्या दाबल्या, टी-शर्टच्या टोकाने काचा पुसल्या. मग वाकून, दादाने काउंटरवर बोलावलं की गिऱ्हाइकांना बसवते तसाच, त्याच्या कानांमागे चष्मा नीट बसवला. बोटांना त्याचे घामेजलेले केस लागले... आजवर शेकडो कानांना हात लागलाय माझा, पण असं कधी झालं नाही.

“दिसतंय नीट?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “आता फारच नीट दिसतंय.” रस्त्याकडे बघायचं सोडून तो माझ्याकडेच बघत होता. मी घाईघाईने संत्र्याची फोड तोंडात कोंबली आणि बी गिळली.

तेवढ्यात दादा आला. लालबुंद, घामाने निथळलेला, आल्या आल्या माझे हात-पाय तपासले. काही मोडलेलं नाही हे बघून मग भडकला.

“अक्कल आहे का? परक्या माणसाच्या मागे—”

“दादा, तू काय बोलत होतास?”

“एकदा बोललो, परत नाही सांगणार.”

“कुणाला बोललास? वाऱ्याला?”

तो मटकन खाली बसला. “बोर्ड रंगवायला टाकलाय,” जमिनीकडे बघत म्हणाला. “दुकानाचा. माझ्या शेजारी तुझं नाव. तू मागे राबतेस आणि लोकांना मीच दिसतो... ते बरं नाही. झालं समाधान?”

झाली पंचाईत! हा चिडला असता तर मीही चिडले असते, सोपं झालं असतं. आता नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. तो खूश झाला असता, आणि मी त्या मागच्या खोलीत जन्मभर बसले असते. डॉक्टर पाठ करून बसला आणि टणक फुगलेल्या टायरमध्ये उगाच हवा भरायला लागला.

मी दादाच्या पुढ्यात बसले. त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“बोर्डवर माझं नाव नको रे. मी जातेय. इस्पितळात काम मिळालंय, मुलांचे चष्मे करायचं. मला ते हवंय, दादा. खूप हवंय.”

त्याने बाहीला नाक पुसलं.

“काचा कोण कापणार?”

“तू शिकशील.”

“मला नाही येत.”

“मला तरी कुठे येत होतं?”

“...आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार.” म्हणजे हो! मी त्याच्या घामट गळ्यात पडले, तर त्याने ढकललं. “थांब. या माणसाला हे माझ्याआधी कळलं?”

“चाक चुकलं रे माझं!”

“काय दिवस आलेत,” असं पुटपुटत तो सायकलवर बसला. “चल आता, थोडंच राहिलंय.” आणि मुद्दाम हळूहळू पुढे गेला. डोळे पुसायचे असणार.

डॉक्टर पंपाशी बोलल्यासारखा बोलला, “ते शहर... सायकलने दीड दिवस लागतो. रविवारी निघालो तर सोमवारी पोहोचेन, आणि तुम्ही कामावर असाल.”

“मग?”

“मग काय... बघू.”

बघू! भावाला तोंडावर सांगून माझा जीव मेटाकुटीला आलेला, आणि हा गृहस्थ म्हणतो बघू! आज मला न बोलणाऱ्या पुरुषांचा मनस्वी वैताग आला होता.

“हे बघ,” मी म्हणाले, “मला तू आवडलास. आता बघू-बिघू काही नको. शनिवारी निघ.”

पंप त्याच्या हातातून पडला. चष्मा मात्र नाकावर सरळ होता.

“शनिवारी दवाखाना असतो,” तो कसाबसा म्हणाला.

“मग बंद ठेव!”

“ठेवतो,” तो म्हणाला.