फाशाचे चाळीस डाव

सुधन्वा खटावकरांनी टेबलावर ठेवलेल्या तीन वह्यांत बाराशे चाळीस डावांची नोंद होती. जिंकलेले आठशे सहा, हरलेले चारशे चौतीस; म्हणजे शेकडा पासष्ट विजय. प्रत्येक डावापुढे तारीख, पहिले घेतलेले बंदर आणि हरले असल्यास त्याचे कारण. सगळे डाव ‘सातबंदर’ या संगणकावरच्या व्यूहखेळाच्या दुसऱ्या भागाचे, अकरा वर्षांतले.

खटावकर कराडला भूगोल शिकवत. सातबंदरचे दोन लाख चाहते त्यांचे परीक्षण वाचल्याशिवाय काही विकत घेत नसत, म्हणून तिसरा भाग बाजारात येण्याआधी नाशिकच्या खेळ-प्रयोगशाळेने त्यांना बोलावले होते. नव्या भागात खेळाडूविरुद्ध चाली करणारी विरोधक-प्रणाली लिहिणारी इरावती भोईटे समोर बसली होती.

“समुद्र सुंदर,” खटावकर म्हणाले. “भरती-ओहोटी तर पाठ्यपुस्तकात छापावी अशी. पण हा खेळ नाही.”

“म्हणजे, सर?”

“चार दिवसांत चाळीस डाव खेळलो. वीस जिंकलो, वीस हरलो. मंगळवारी मुद्दाम गाढवासारखा खेळलो, तरी निम्मेच. ही काय भानगड?”

इरावतीने लपवले नाही. “त्याला आम्ही समतोलक म्हणतो. तुमची प्रत्येक चाल मोजून विरोधक तुमच्याइतकाच हुशार होतो. तुम्ही चुकलात की तोही चुकतो. निम्मे डाव जिंकणारा खेळाडू कंटाळत नाही, चिडतही नाही.”

“मुलाला येतील तेवढेच प्रश्न विचारायचे आणि पास करायचं! मग माझ्या डोक्याचं काम काय? माझ्या जागी फासा बसवा. शक्य असलेल्या चालींतली कुठलीही एक चाल. तोही वीस जिंकेल.”

इरावतीने तसा यंत्र-फासा जोडला. नऊ मिनिटांत चाळीस डाव झाले. एका डावात फाशाने आपली सगळी गलबते वाळूत रुतवली, तेव्हा विरोधकाने स्वतःच्याच दारूकोठाराला आग लावली. फाशाचे विजय वीस.

“काढून टाका हा समतोलक,” खटावकर म्हणाले.

“तो काढला तर प्रकाशन आठ महिने लांबेल, सर. माझी तीन वर्षं आहेत त्यात.”

“माझी अकरा आहेत.” त्यांनी वह्यांवर हात ठेवला. “हे बघा, तुलनेशिवाय प्रयोग पुरा होत नाही, हे मी आठवीच्या पोरांनाही सांगतो. हाच फासा दुसऱ्या भागावर चालवा. तिथला विरोधक खरा आहे. फासा तिथे दोन डाव जरी जिंकला, तरी या वह्या तुमच्या टोपलीत टाका आणि मी तिसऱ्या भागाचं कौतुक लिहितो.”

“आणि नाही जिंकला तर?”

“समतोलक जाईल.”

इरावतीने थोडा विचार केला. दुसरा भाग लिहिणारे सगळे कधीच प्रयोगशाळा सोडून गेले होते. त्याची प्रणाली तिने कधी उघडून पाहिली नव्हती, आणि ही पैज आपण हरणार असेच तिला वाटत होते. पण खटावकरांचे परीक्षण विरोधात गेले तर खेळ तसाही खपणार नव्हता. ती म्हणाली, “चालेल.”

जुने यंत्र सावकाश चालत होते. खटावकरांनी पहिली वही उघडली. “हा डाव तीनशे अकरावा. भरतीला दक्षिणेचं बंदर रिकामं सोडायचं, शत्रूची गलबतं आत येऊ द्यायची, मग पाणी उतरलं की ती चिखलात. ही युक्ती सापडायला मला दोन वर्षं लागली.”

“वा!” इरावती मनापासून म्हणाली. “मग त्यानंतर तुमचे विजय किती वाढले?”

खटावकरांनी पेन्सिल घेतली. “आधी... शेकडा पासष्ट.” पुढची बेरीज त्यांनी दोनदा केली. “नंतरही पासष्टच. तोही शिकत असणार.”

“असेल, सर.”

यंत्र थांबले. पडद्यावर ओळ उमटली: दुसरा भाग, खेळाडू फासा, डाव चाळीस, विजय सव्वीस, शेकडा पासष्ट.