चिकटलेल्या बांगड्यांचं कोडं

"तलावावर जायचं असेल तर आत्ताच निघा! उशीर झाला की होडी मिळत नाही!" पंडित चष्मा पुसत ओरडला.

"आधी आत्याला सांगून येऊ," दादा म्हणाला.

सुट्टीत ही तिघं भावंडं आत्याकडे आली होती. थोरला दादा, सतत पुस्तकात नाक खुपसलेला पंडित आणि दिसेल त्यावर चढणारी धाकटी खारूताई. आत्या समोरच्याच नाटकगृहात पोशाख आणि दागिने सांभाळायची.

पोशाखाच्या खोलीच्या दारातच तिघं थबकली. आत व्यवस्थापक कडाडत होते.

"पुन्हा तेच! नायिकेच्या हातात हा गोळा घालू?" त्यांच्या हातात लाखेच्या बांगड्या होत्या. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, वाकड्यातिकड्या, वरच्या टिकल्या निखळलेल्या. "उद्या प्रयोग आहे, बाई! तुम्हाला झेपत नसेल, तर मी दुसरं कुणीतरी बघतो!"

ते तणतणत निघून गेले. आत्या मटकन स्टुलावर बसली.

आत्याचा निष्काळजीपणा? छे! काचेच्या बांगड्या ती कापडाच्या सुरळीवर ओवून ठेवायची, चांदीच्या मऊ सुती कापडात गुंडाळायची. लाखेच्या बांगड्यांना तर ओला हातही लावायची नाही.

"तलाव राहू दे," दादा हळूच म्हणाला. दोघांनी माना डोलावल्या.

"लाख उष्णतेनं मऊ होते," पंडित विचार करत म्हणाला. "पण इथं तर उन्हाचा कवडसाही येत नाही!"

तोवर खारूताई बांगड्यांच्या कपाटावर पोचलीसुद्धा! "अय्या! इथं मांजर झोपलंय! कसं ताणून दिलंय बघा!"

"हाकल त्याला!" पंडित म्हणाला.

"हाकलू कशाला? मलाच झोपावंसं वाटतंय. काय छान ऊब आहे!"

दादा आणि पंडितनं एकमेकांकडे पाहिलं. दादानं कपाटामागे हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "बाप रे! भिंत तव्यासारखी तापलीय!"

तिघं धावतच इमारतीला वळसा घालून पलीकडे गेली. भिंतीला लागूनच धुलाईचं दुकान होतं आणि आत एक भलामोठा बॉयलर फुसफुसत होता.

"नवा आहे," दुकानदार कौतुकानं म्हणाला. "भिंत तापेल, असं तुमच्या साहेबांना सांगितलं होतं की! तापू दे म्हणाले."

"आणि त्यांनीच सोफ्याला जागा हवी म्हणून कपाट त्या भिंतीला लावलं!" मुलांनी परत येऊन हे सांगताच आत्या थक्क होऊन म्हणाली.

तिघं व्यवस्थापकांकडे गेली. पण ऐकतील तर शपथ! "भिंत म्हणे गरम! पळा, बाहेर खेळा!"

त्यांच्या टेबलावर चॉकलेटचा मोठा डबा होता. खारूताईचे डोळे चमकले.

"काका, संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी का? मग असा उघड्यावर ठेवू नका. मी फार खादाड आहे! आत्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवा ना!"

"हं! हे मात्र शहाण्यासारखं बोललीस!" त्यांनी स्वतःच डबा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. पंडितला हसू आवरेना, म्हणून त्यानं खोकल्याचं नाटक केलं.

संध्याकाळी दिग्दर्शिका आणि पाहुण्यांसमोर साहेबांनी ऐटीत कपाटातून डबा काढून उघडला. आत नुसता चिखल! तो ओघळून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

"कुणी केलं हे?"

"किल्ली तर तुमच्याच खिशात होती, काका," दादा नम्रपणे म्हणाला. "आता एकदा भिंतीला हात लावून बघता?"

दिग्दर्शिकेनंच हात लावला. "आई गं!" मग सगळा प्रकार ऐकून ती हसत सुटली. "शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना हे सुचलं नाही!"

साहेबांचा चेहरा पडला. मग ते आत्याकडे वळून म्हणाले, "बाई, चूक माझी. उगाच बोललो तुम्हाला. कपाट आत्ताच हलवतो." आणि त्यांनी खरंच स्वतः कपाटाला खांदा लावला.

बांगड्या मात्र अजून वाकड्याच होत्या. आत्यानं त्यांना हलकी ऊब दिली, अलगद सोडवल्या आणि एकेक लाकडी दांड्यावर फिरवून पुन्हा गोल केली. खारूताईनं टिकल्या शोधून दिल्या, पंडितनं त्या चिकटवल्या, दादानं मऊ कापडानं प्रत्येक बांगडी पुसली.

दुसऱ्या दिवशी त्या नायिकेच्या हातात झळकल्या, तेव्हा आत्या पडद्याआडून पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"आता का रडतेस? सगळं नीट झालं ना?" खारूताईनं विचारलं.

आत्यानं तिघांना जवळ ओढलं. "जो तो मला एकच विचारत होता, बांगड्या कशा बिघडवल्यास म्हणून. तुम्ही तिघांनी एकदाही विचारलं नाहीत रे!"

"त्यात विचारायचं काय?" दादा गोंधळून म्हणाला.

आत्यानं तिघांना आणखी घट्ट धरलं.