एक्केचाळिसावं पान

गोवर्धन आणि त्याचा मदतनीस छोटेलाल केशोरी गावात केशोरावांच्या घरी पोचले तेव्हा मंडईच्या सणाचं जेवण उरकत आलं होतं आणि अंगणात रेंगीला बैल जुंपले जात होते. रेंगीत एकच गाठोडं होतं.

"आज तो सब आते हैं," छोटेलाल पुटपुटला. "ये कौन जा रहा है?"

जात होती धुरपता. केशोरावांची विधवा बहीण, पंधरा वर्षं याच घरात विड्या वळणारी.

केशोराव म्हणजे गावातले वाचणारे. दर वर्षी दिवाळीनंतर मंडईला लेकी-जावई जमत आणि जेवणं झाली की केशोराव लाल कापडी बांधणीच्या आपल्या आवडत्या कादंबरीतून मोठ्यानं वाचून दाखवत. आज सकाळी ती कादंबरी कपाटातून नाहीशी झाली होती. खालच्या फळीवर विडीसाठी कापलेलं तेंदूचं पान तेवढं सापडलं. केशोरावांनी ओसरीवर सगळ्या सोयऱ्यांदेखत निकाल दिला: धुरपतानं पुस्तक चुलीत घातलं, तिनं आजच चिचगडला सासरच्या पुतण्याकडे जावं. पुतण्यानं तिला एकदा दारातून परत पाठवलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिचं गाठोडं बांधलं गेलं.

गोवर्धन गोंदियाचा खाजगी तपासनीस. जावई टेकचंदचा मित्र म्हणून जेवायला आलेला. पानात काम आयतंच वाढलं गेलं.

"बैल तासभर थांबू दे," तो गाडीवानाला म्हणाला.

टेकचंद शाळामास्तर, सासऱ्यांना मामाजी म्हणणारा. त्यानं भरभर सांगितलं, "मामाजी दर वर्षी सुरुवातच वाचतात. रंग भरतो न भरतो तोच बाहेर दंडारीचा खेळ सुरू होतो, लोकं बघायला उठतात. काल मीच म्हटलं, यंदा शेवट वाचा. सगळ्यांनी उचलून धरलं. मामाजी हो म्हणाले."

"घर धुंडाळलं?"

"धानाची खोली सोडून. हलक्या धानाची नवी रास आहे. पूजा होईस्तोवर तिला कोणी हात लावत नाही."

"पूजा कोण करतं?"

"आत्याबाई. या घरी बहिणीनंच रास पुजायची अन् पहिलं सूप भरायचं. आज दिवेलागणीलाच होती. आता मामाजी म्हणतात, यंदा मी पुजतो."

धुरपता जात्याजवळ बसली होती. सुपात पानं, जर्दा, दोरा, कात्री.

"ते पान तुमचं?"

"माझंच हाये. खोटं कायले बोलू?"

"कपाटात काऊन गेलं?"

चोर पकडल्यासारखी तिची मान खाली गेली. छोटेलालनं गोवर्धनला कोपरानं ढोसलं: झालं की!

केशोराव कपाटासमोर उभे होते. परीटघडीचा सदरा, आणि डाव्या हाताची नखं उजव्या बाहीत घालून कोपरापर्यंत खाजवणं चाललेलं.

"मच्छर, रावसाहेब?" छोटेलालनं विचारलं.

"नाही, असंच. बघा, एकशे बारा ग्रंथ! आणि ते एक तर मी अकरा वेळा वाचलं होतं."

"शेवट काय हो त्याचा?" गोवर्धननं सहज विचारलं.

"शेवट? सज्जनांचा जय होतो. आणखी काय व्हायचं!"

गोवर्धननं वरच्या फळीवरचं एक पुस्तक काढलं. त्या काळी काही छापखाने पुस्तकांच्या कडा न कापताच पाठवत. पानांची जोडलेली घडी वाचणाऱ्यानं स्वतः कापून उघडायची. या पुस्तकाच्या घड्या तशाच मिटलेल्या होत्या. शेजारच्याच्याही. खालच्या फळीवरच्या पुस्तकांची मात्र पानन् पान उघडलेलं, आखूड कात्रीनं, जरा जरा थांबत कापल्यासारखं.

"केशोराव," तो हळूच म्हणाला, "उत्तर मी तुम्हाला एकट्याला सांगू शकतो."

केशोरावांनी बाहेर पाहिलं. ओसरी सोयऱ्यांनी भरली होती.

"आळ सगळ्यांदेखत घातला आहे मी," ते कसेबसे बोलले. "सगळ्यांदेखतच सांगा."

गोवर्धननं ओसरीवर उभ्यानंच सांगितलं.

"वर्षानुवर्षं सुरुवातच वाचली गेली, दंडारीनं दर वेळी वेळेवर सोडवलं. यंदा शेवट मागितला, अन् रात्रीतून पुस्तक गेलं. अकरा वेळा वाचणाऱ्याला शेवट सांगता आला नाही. घरभर शोध झाला, फक्त राशीत नाही. नव्या धानाचं कूस, ते बारीक कुसळ, अंगाला लागलं की खाज सुटते. शेतात पाऊल न टाकणाऱ्या माणसाचा एकच हात कोपरापर्यंत खाजतो आहे. अन् बहिणीला आजच घालवायची घाई कायची? दिवेलागणीला धुरपताबाई पहिलं सूप भरणार, सुपात पुस्तक येणार."

"अन् पान?" छोटेलालनं विचारलं.

"ती धुरपताबाईंची, वाचलेल्या जागेची खूण. खालच्या फळीवरची पुस्तकं विडीच्या कात्रीनं उघडलेली आहेत. या घरात वाचणारं माणूस आहे. फक्त नाव दुसऱ्याचं झालं."

टेकचंदनं सासऱ्याकडे पाहिलं. केशोरावांनी मान हलवली. तो खोलीत गेला आणि लाल पुस्तक घेऊन आला. बांधणीत कूस रुतलेलं. चाळीस पानं मोकळी, पुढची सगळी मिटलेली.

"अरे, रातको चुपचाप काट लेते!" छोटेलालला राहवलं नाही.

"घरात दोन दिवस पाय ठेवायला जागा नाही," केशोराव म्हणाले. पुस्तकी भाषा कधीच गळून पडली होती. "कोणी मले कापताना पायलं असतं तं? मी लपवलं. मंग पान सापडलं, अन् तोंडातून हिचं नाव निंघून गेलं. आळ मांगं कसा घेऊ, हेच समजेना."

ते बहिणीकडे वळले. "धुरपते, तू बोलली काऊन नाही?"

"नवऱ्यानं शिकवलं होतं वाचाले," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "गावात वाचणारा म्हणजे दादा. तेवढंच तं नाव होतं तुमचं. ते कायले वाटून घेऊ?"

छोटेलालला घरच्या पेटीतली, कधीच न वाचलेली तीन पुस्तकं आठवली. तोही खाली बघू लागला.

केशोराव अंगणात उतरले. गाडीवान पुढे झाला तसा त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. गाठोडं स्वतः डोक्यावर घेतलं आणि सगळ्या सोयऱ्यांमधून, कोणाकडेही न बघता, आत नेऊन ठेवलं. मग आपल्या पाटावर धुरपताला बसवून तिच्यापुढे पुस्तक धरलं.

तिनं सुपातली कात्री घेतली. एक्केचाळिसाव्या पानाची घडी उघडली.

बाहेर दंडारीचा ढोल वाजला. कोणी उठलं नाही. धुरपता वाचत गेली, एका वाक्यावर श्वास घ्यायला थांबली.

खाली, पोराटोरांच्या रांगेत बसलेल्या केशोरावांनी मान वर न करता विचारलं, "मंग?"