खुर्ची कोणी धरली?

"…आणि म्हणे त्याने जिन्यातच हात सोडले. पेशंट खुर्चीत बांधलेला, आणि हा…"

एवढंच माझ्या कानावर आलं. पाण्याच्या टाकीपाशी दोघी जणी बोलत होत्या. मला बघताच एकीला गॅसवरचं दूध आठवलं, दुसरीला पहिलीची सोबत. आता अर्धी गोष्ट पोटात ठेवून मला झोप लागते का? हसा, हसा. पण मोबाइल खाली ठेवा आणि ते दार लोटून घ्या.

बोलणं पट्टीबद्दल होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचा मुलगा. दवाखान्यात ब्रदर आहे. लहानपणी मांजरांनासुद्धा पट्ट्या बांधायचा, म्हणून पट्टी. तीन महिन्यांसाठी परदेशी गेला होता, नोकरीला नाही, सेवेला. तिकडे एका गावात अँब्युलन्स गावकरीच चालवतात. माणसं कमी पडतात, म्हणून बाहेरून शिकलेली पोरं बोलावतात. राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही. आणि हा सहा आठवड्यांत परत! काकूंनी तर बाहेर पडणंच सोडलं. पोरगं आजारी माणूस टाकून पळालं, असं एकदा झालं की आईने कुठे तोंड दाखवायचं?

मी पट्टीकडे बीपी तपासून घ्यायला गेलो. बीपी मला नाही, पण निमित्त तर हवं.

तो माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत होता. मी म्हटलं, "काय रे, खरंच सोडलास?"

त्याने फुगा दाबून हवा भरली. मग म्हणाला, "सोडला, काका. पण पडला नाही."

त्याने सांगितलं तसंच सांगतो. पदरचं एक अक्षर नाही. बरं, एखादं.

मंगळवार संपून बुधवार लागला होता. रात्रीचे दोन चाळीस. फोन आला : चौथा मजला, म्हातारे गृहस्थ, श्वास घेता येत नाही, लिफ्ट नाही. एरवी तिघं जातात, पण तिसरा तापाने पडलेला. गेले दोघंच, पट्टी आणि ड्रायव्हरबाई. बाई पन्नाशीच्या, दणकट आणि फटकळ. "तू दमलास तर तुलाही उचलीन," म्हणायच्या त्याला.

अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. तिथे उचलायची खुर्ची. पेशंटला बेल्टने बांधायचं. खालून एकाने धरायचं. पाठीमागे दोन दांडे निघतात, ते वरून दुसऱ्याने धरायचे. हात बदलायचा असेल तर एक शिस्त असते. येणारा दांडे धरतो आणि म्हणतो, "धरलंय." वजन गेल्याचं जाणवलं की पहिल्याने लगेच सोडायचं. रेंगाळलं तर ओढाताणीत पेशंटच खाली जातो. पट्टीच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती की कोणी चहाचा कप दिला तरी म्हणायचा, "धरलंय."

म्हातारे नव्वद किलोचे. घरात एकटे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. जिन्यात बटण दाबलं की त्या मजल्याचा दिवा अर्धा मिनिट लागतो, मग आपोआप बंद. तिसऱ्यावर बाईंनी कोपराने बटण दाबलं. बाई खाली, पट्टी वर, असे निम्मा जिना उतरले, आणि दिवा गेला.

पट्टीच्या हातांना घाम सुटला होता.

"बाई, थांबा. सुटतंय माझ्याकडून."

"इथे टेकवता येणार नाही! धर!"

त्याने धरलं. एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. मास्कमध्ये म्हाताऱ्यांची घरघर. आता गेले, असं त्याला वाटलं. आणि कानापाशी कोणीतरी म्हणालं…

"धरलंय."

तिकडच्याच भाषेत. शांतपणे.

वजन गेलं. सगळंच गेलं.

पट्टीने सोडलं.

वाटलं, शेजारचं कोणी मदतीला आलं. खुर्ची खाली निघाली. धक्का नाही. बाईंचे बूट तेवढे. टप… टप… टप…

दुसरी पावलं?

नव्हती.

"कोण आहे?"

…

"कोणी धरलंय?"

…

भिंत चाचपत तो वळणावर आला. बटण सापडलं. दिवा लागला. जिना रिकामा. दारं बंद.

तो धावत सुटला. खालच्या दारात खुर्ची टेकलेली. म्हातारे जिवंत. बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या.

"शाबास," त्या म्हणाल्या, "इतकं हलकं कधी लागलं नव्हतं. पण मी दोनदा हाक मारली, ओ का दिली नाहीस?"

"मी वर होतो, बाई."

बाई हसल्या. मग त्यांनी त्याचं तोंड बघितलं.

"तुम्हाला दिसलं नाही कोण ते?"

"अंधारात? खालच्या मजल्यांची बटणंच सापडली नाहीत. मला म्हाताऱ्यांचे गुडघेसुद्धा दिसत नव्हते."

म्हातारे वाचले. आठवड्याने घरी गेले. पट्टीने रिपोर्टमध्ये खरं तेच लिहिलं : जिन्यात हात सोडले, पुढे कोणी धरलं माहीत नाही. तेच त्याला नडलं. तिकडच्या साहेबांनी खुर्चीला हात लावायची बंदी केली, आणि तो परत आला. म्हणजे सोडलं हे खरं. टाकून पळाला हे साफ खोटं. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी उभं राहून मीच ते चार मजले ऐकतील एवढ्या आवाजात सांगितलं. काकू आता भाजीला जातात.

एक गोष्ट मात्र मी टाकीपाशी बोललो नाही.

तिकडून निघताना बाईंनी पट्टीच्या हातात काहीतरी ठेवलं होतं. खुर्चीच्या दांड्यावरची रबरी मूठ. "बदलावी लागली," एवढंच म्हणाल्या. त्याने ती मला दाखवली. जाड, कडक रबर. एक टोक बंद, दुसऱ्यातून दांडा आत जातो. त्यात बोटांचे खळगे. खोल. ओल्या मातीत उमटावेत तसे.

"बंद टोक उचलणाऱ्याकडे असतं, काका. धरा बरं."

मी धरली. मागून धरतात तशी. करंगळी बंद टोकापाशी, अंगठा खुर्चीकडे. बोटं खळग्यांत बसेनात.

पट्टीने मूठ काढून घेतली. उलटी फिरवली. पुन्हा माझ्या हातात दिली, आता बंद टोक अंगठ्यापाशी.

बसली. पाचही बोटं.

म्हणजे धरणारा पट्टीच्या मागून आलाच नव्हता. तो समोर होता. म्हातारे आणि पट्टी यांच्या मधे. उतरताना सगळा वेळ… वर पट्टीकडे तोंड करून.