मागच्या सीटवरचं वजन

तुम्ही हसाल, पण हे माझ्याच गॅरेजात घडलंय. इजिप्तमधलं मिन्या शहर, गेल्या रमजानचा शेवटचा आठवडा.

माझा मेव्हणा बदावी सात सीटची टॅक्सी चालवतो. तिचं स्टिअरिंग गेलं. नवं मिळेना, म्हणून भंगारातल्या एका ठोकलेल्या टॅक्सीचं काढून बसवलं. मग मी अलाइनमेंट केली. मशीनवर चारही चाकं सरळ.

तरी दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला.

"दाजी, गाडी उजवीकडे ओढते. आणि उजवीकडे कालवा! काल गाडीभर माणसं घेऊन बुडालो असतो."

"उपासानं हात ढिले पडलेत तुझे."

"माझे हात? तुमचं मशीन म्हातारं झालंय!"

चाकं वळवणारे टाय रॉड पुन्हा तपासले. पुढचे टायर अदलाबदल केले. ब्रेकही कुठल्या चाकाला अडकत नव्हता. सगळं ठीक...

मग तो हळूच म्हणाला, "सकाळी नाही ओढत. फक्त मगरिबच्या आधी, सूर्य टेकताना. एकाच जागी."

मी पार थकलो होतो. पण हा कालव्यात गेला तर बायकोला काय तोंड दाखवू? संध्याकाळी त्याच्यासोबत निघालो. गाडीत आम्ही दोघंच.

सूर्य टेकला. रस्ता ओस पडला. सगळे आपापल्या घरी रोजा सोडायला ताटावर बसलेले.

आणि स्टिअरिंग... आपोआप उजवीकडे वळलं.

बदावीनं ब्रेक दाबला. कालवा हातभर राहिला होता.

याच जागी दर रमजानात एक टॅक्सीवाला उभा राहून वाटसरूंना रोजा सोडायला खजूर-पाणी द्यायचा. यंदा तो दिसला नव्हता.

"दाजी... हे स्टिअरिंग कुणाच्या गाडीचं?"

मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती.

दूरवर अजान झाली.

दार उघडलं नाही. पण गाडीची मागची बाजू... दोन बोटं वर आली. कुणी उतरल्यासारखी.

परत येताना गाडी सगळ्या रस्त्यानं डावीकडे ओढत होती. मशीनवर चढवली. आता आकडे चुकलेले.

ही चूक मी ओळखतो. जड माणूस आत बसलेला असताना अलाइनमेंट केली आणि नंतर तो उतरला, की अशी होते.

मी तर रिकामी गाडी सरळ केली होती. गॅरेजात एकटाच होतो.

म्हणजे मी खाली पडून टाय रॉड आवळत होतो, तेव्हा वर...

गाडी मी पुन्हा सरळ करून दिली. बदावी आता निवांत फिरतो. मला मात्र अजूनही रिकाम्या गाडीखाली एकट्यानं जाववत नाही.