आतून न घासायची किटली

वासंतीबाईंना आयर्लंडमधल्या नास गावी मुलाकडे येऊन तिसरा महिना चालू होता आणि सुनेच्या चहाला त्यांनी अजून एकदाही बरं म्हटलं नव्हतं. पिशवी बुडवलेलं पाणी म्हणजे चहा नव्हे, हे त्या रोज सकाळी भिंतीला सांगत. भिंतीने ऐकावं आणि स्वरूपाने समजून घ्यावं. स्वरूपाही कमी नव्हती. सासूचा प्रत्येक टोमणा ती मनात जमा करी आणि परतफेड सवडीने, गोड बोलून करी. रविवारी बाईंचं परतीचं विमान होतं. मग घर पुन्हा आपलं, एवढ्याच आशेवर ती दिवस ढकलत होती.

शेवटचा आठवडा तरी शांततेत जावा म्हणून तिने सुटी पत्ती आणली आणि किटली घ्यायला जुन्या वस्तूंच्या दुकानात सासूलाच नेलं. निवड त्यांची, म्हणजे तक्रारही त्यांच्याच नावावर.

दुकानात ओल्या लोकरीचा वास होता. फुलाफुलांची नाजूक किटली बाईंनी बाजूला सारली. "ही नुसती मांडून ठेवायची." चकचकीत धातूची घेतली नि ठेवली. "हिचा कान हात भाजणार." मग तपकिरी मातीची एक उचलली आणि झाकण अंगठ्याने दाबून वाकवून पाहिली.

"हीच घे," दुकानातली म्हातारी इंग्रजीत स्वरूपाला म्हणाली. "गोल पोटात पत्तीला फिरायला जागा मिळते. चोच टपकत नाही. फक्त आतून घासू नका. नुसती विसळायची."

आत डांबरासारखा काळा थर होता.

"काय म्हणते?"

"घासू नका म्हणते, आई."

"का? सासूची आठवण आहे का तिच्या?"

म्हातारी हसली नाही. भाषा कळल्यासारखी ती वासंतीबाईंकडे बघत राहिली. "ग्रँड," एवढंच, इथल्या लोकांचं ते ‘छान’, म्हणाली आणि किटली कागदात गुंडाळू लागली.

घरी येताच बाईंनी पदर खोचला. "कुणाकुणाचं उष्टं हे, देव जाणे. माझ्या सलीलला यातून पाजू?" चिंच, मीठ, तारेची घासणी. स्वरूपाने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नाही. तासाभराने आतली लालसर माती दिसू लागली. काळं पाणी सिंकमधून वाहून गेलं. वास मात्र राहिला: धुराचा, नासल्या दुधाचा, न विंचरलेल्या केसांचा.

दुसऱ्या दिवशी चहा उत्तम झाला. वासंतीबाईंनी इथल्या जुन्या माणसांसारखं कपात आधी दूध घातलं, रोजची दोन चमचे साखर घातलीच नाही.

"साखर, आई?"

"कधी घेतली मी?"

मग त्या खिडकीशी बसू लागल्या आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मान तिरकी करून ओळख देऊ लागल्या. कप प्रेसमध्ये ठेवलेत म्हणाल्या. कपाटाला इथली माणसं प्रेस म्हणतात. बाईंना तर इंग्रजी बातम्याही कळत नसत.

टोमणे थांबले. स्वरूपाला तेच खटकलं. आता त्या फक्त बघत. पाहुणा किती दिवस टिकतो ते बघावं, तसं.

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय." मग सुनेला अहो-जाहो करत, "तुम्हाला इथे येऊन बरेच दिवस झाले ना?"

स्वरूपा हसली. बाई हसल्या नाहीत.

तिने नवऱ्याला सांगितलं. सलील कप हातात घेऊन ऐकत होता.

"चहा तर छान झालाय. तू का नाही घेत?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्या किटलीतला चहा तिला कुणी दिलाच नव्हता. आणि सलीलच्या कपातही आधी दूध पडत होतं.

रविवार उजाडला. स्वरूपा न्हाऊन, आवरून खाली आली. बाईंची बॅग दाराशी तयार होती. वासंतीबाई टेबलाशी पाय पसरून बसल्या होत्या.

"आई, निघायचं ना?"

"हो, उशीर नको व्हायला."

त्या उठल्या नाहीत.

स्वेटर वर ठेवलाय का बघावं म्हणून स्वरूपाने बॅग उघडली.

तिचे ऑफिसचे शर्ट. तिची निळी साडी. तिचा पासपोर्ट. सगळं नीट घड्या घालून रचलेलं. कोपऱ्यात तिचा टूथब्रश, अजून ओला.

सलील किल्ल्या घेऊन आला. त्याने वाकून चेन ओढली, बॅग उचलली. आईकडे पाहिलंही नाही.

"चला," तो स्वरूपाला म्हणाला, "सोडतो तुम्हाला."