टाचा दाराकडे

मला वाटलं होतं, परदेशात गुन्हेगारी मानसशास्त्र शिकून आलेली मुलगी आपल्या गावाच्या उपयोगी पडेल. खुनी कसा असेल ते मी सांगेन, गाव ऐकेल, निर्दोष माणूस सुटेल. प्रत्यक्षात पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी माझ्या स्कूटीच्या सीटवर विळ्याने फुली मारली.

कार्ल्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. खाचरांच्या कडेला शालूबाई एकट्याच राहायच्या. एका सकाळी त्या चुलीपाशी मेलेल्या सापडल्या. गळा आवळलेला, तोंडात गाळ ठासलेला. पुढच्या दाराला आतून कडी, मागचं दार सताड उघडं. फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा गुलजार त्यांना लोणावळ्याहून औषधं आणून द्यायचा. आदल्या दिवशी तो त्यांच्या घरी दिसला होता. गावाला तेवढं पुरलं. पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं.

गुलजार माझ्या शाळेतला. मला त्याला सोडवायचं होतं.

देवळाच्या मंडपात लोक जमले, तेव्हा मी उभी राहिले. "शालूबाईंच्या मागच्या दारापासून खाचरात अनवाणी पावलं गेलीत. बोटं खाचराकडे, टाचा दाराकडे. तिथे भाताची एक ओळ आहे. पळून जातानाही त्याने त्यातलं एक रोप तुडवलेलं नाही. म्हणजे डोकं शांत, आणि जन्म भातात गेलेला. गुलजारने कधी खाचरात पाय घातलेला नाही."

"म्हंजी आमच्यातला, असंच म्हन की," मागून एक बाई म्हणाली.

"इलायतेत भात लावायला शिकवत्यात व्हय गं?" आणखी कुणीतरी विचारलं, आणि मंडप हसला.

गावातले सगळ्यात वडीलधारे महिपती आबा मात्र हसले नाहीत. काठीवर हनुवटी टेकून ते हळूच म्हणाले, "अपेक्षा, मानूस धरलाय न्हवं?"

"चुकीचा धरलाय, आबा."

"मानूस हाय, त्येवढं बास. त्या पावलांच्या नादी लागू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फौजदारांना दाखवायला त्या पावलांचे फोटो काढायला निघाले. धुकं इतकं उतरलं होतं की बांधसुद्धा दिसत नव्हता. शेजारच्या खाचरात बायका लावणी करत होत्या. त्यांत माझी कस्तुराआत्याही होती. मी तिच्याकडेच राहत होते. मी जवळ आले तशी त्यांची बोलणी थांबली. पुढे गेले तेव्हा पाठीवर गाळाचा गोळा येऊन बसला. मी वळले. सगळ्या वाकलेल्या, आत्यासुद्धा.

शालूबाईंच्या घरात थंड राखेचा आणि कुजक्या चिखलाचा वास होता. मी मागच्या दारात उभी राहिले. खुनाच्या आदल्या दिवशी बायकांनी पलीकडचं अर्धं खाचर लावून काम सोडलं होतं. अलीकडे नुसता गाळ, आणि त्यातून दारापर्यंत आलेली ती एकच ओळ. ती शालूबाईंनीच लावली असणार, असं मी धरून चालले होते.

तेवढ्यात धुकं जरासं फाटलं. शेजारच्या खाचरातल्या बायका दिसल्या. वाकून, तोंड लावलेल्या भाताकडे करून, एकेक पाऊल मागे घेत त्या बांधाकडे सरकत होत्या.

मागे.

लहानपणी मीही तशीच लावणी केली होती, आणि विसरले होते. भात लावणारा पुढे जात नाही. तो मागे सरतो, आणि पाऊल उचलल्यावर समोर रोप खोवतो. म्हणूनच एकही रोप तुडवलं गेलं नव्हतं.

त्या दारातून कुणी बाहेर गेलंच नव्हतं. बायका गेल्यावर कुणीतरी खाचराच्या मध्यापासून लावणी पुढे चालवली होती, घराकडे पाठ करून, मागे मागे… या दारापर्यंत. आणि परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, ओल्या गाळात बोट खुपसल्यासारखा आवाज आला. पच्. मग जरा जवळून, पुन्हा.

मी वळून पाहिलं नाही. समोरच्या ओळीवरूनच पळत सुटले, रोपं आणि पावलं तुडवत. बांधावर आत्याने मला धरलं. तिची नजर माझ्या पायांवर होती.

"तुडवलीस?"

"आत्या, आत कुणीतरी…"

"आता त्याला परत लावावी लागंल," ती पुटपुटली, आणि तिने माझा हात सोडला.

त्या रात्री आत्याच्या घरी मी स्वतः मागच्या दाराला कडी घातली. सकाळी तीच कडी काढून दार उघडलं, तर परसातल्या गाळात भाताची ताजी ओळ उभी होती. शेजारी पावलं. बोटं बाहेर, टाचा आमच्या दाराकडे.

कुंपणापाशी महिपती आबा उभे होते, सोबत फावडी घेतलेले दोघे.

"बाजूला हो, पोरी. कुनी बघायच्या आत मोडून टाकू."

"आबा, गुलजार रात्रभर कोठडीत होता."

"ठावं हाय."

"म्हणजे हे त्याने केलेलं नाही."

"मग कुनी केलं म्हनून सांगशील?" आबांचा आवाज बारीक झाला होता. "मानूस न्हाई म्हनलीस, तर गावानं हितं राहायचं कसं?"

मी फौजदारांना फोन लावला. निघतो, म्हणाले. धुक्यामुळे वेळ लागेल. आत्या आपलं बोचकं घेऊन माझ्याकडे न बघता पुढच्या दाराने निघून गेली. मी परत वळले तेव्हा दिसलं, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला, फरशीवर, रोपांची अर्धी जुडी पडली होती. ओली.

फावडी कुंपणाच्या आत आली होती. मी हलले असते तर ओळ राहिली नसती, आणि गुलजारकडे दुसरा पुरावा नव्हता. फौजदार येईपर्यंत मी उंबऱ्यावर बसायचं ठरवलं. तोंड ओळीकडे, नजर त्या फावड्यांवर.

पाठ घराकडेच ठेवावी लागली.